बियांना ओल हवी, पूर नको



तिश्री महिन्याचे सण आटोपले, सुक्का उतरवून ठेवली, की आपल्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींची मिर्पेसेतवर लगबग सुरू होते. उन्हाळ्याचा जाळ ओसरलेला असतो आणि थंडी अजून लांब असते. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा पेरायला या देशात हेश्वान महिन्याइतका चांगला काळ नाही. दुकानात सगळे काही मिळते हे खरे. पण कोवळी, लालसर देठाची, मुठीत मावेल एवढी मेथीची जुडी, जी निवडताना बोटांना वास लागतो, ती घरच्या कुंडीतच मिळते. ज्यांना आता बाजारापर्यंत चालवत नाही, त्यांच्यासाठी तर ही एक कुंडी म्हणजे रोज सकाळी उठून पाहायला जाण्याची जागा असते.

आणि दर वर्षी, आणखी दोन आठवडे गेले की, आमच्या कानावर तीच गाऱ्हाणी येतात. मेथी आलीच नाही. धणे मातीतच कुजले. मिरचीची रोपे वर आली, चार दिवस छान दिसली आणि एका रात्रीत आडवी झाली. कुणी बियांना दोष देतो, कुणी दुकानदाराला, कुणी इथल्या पाण्याला. आम्ही विचारतो, "पाणी किती घालत होता?" उत्तर बहुतेक वेळा अभिमानाने येते : "रोज दोन वेळा, भरपूर!"

दुखणे तिथेच आहे. पेरलेले बी तहानेने मरते त्यापेक्षा जास्त वेळा ते बुडून मरते. म्हणून या अंकात आम्ही एवढाच विषय घेतला आहे : नुकत्याच पेरलेल्या बियांना पाणी किती, कधी आणि कसे द्यावे.

मोडांची पोटली आठवा

खरे म्हणजे ही विद्या आपल्या घरातल्या स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वालाचे बिरडे करायचे असले की आपण काय करतो? वाल रात्रभर पाण्यात भिजवतो. सकाळी ते पाणी ओततो, वाल निथळतो आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवतो. दुसऱ्या दिवशी मोड येतात. फडके सुकले तर त्यावर पाण्याचा हबका मारतो, पण पोटली पुन्हा पाण्यात बुडवून ठेवत नाही. तशी ठेवली तर मोड येत नाहीत. पाण्याला फेस येतो, वास सुटतो आणि वाल टाकून द्यावे लागतात.

भिजवा, निथळा, झाका. मूग, मटकी, वाल यांना जो नियम स्वयंपाकघरात लागू आहे, तोच मेथीला कुंडीत लागू आहे. फडक्याच्या जागी माती आली, एवढाच फरक. बीजाला ओले फडके हवे असते, पाण्याने भरलेले पातेले नको असते.

बी श्वास घेते

असे का, तेही सांगतो. सुके बी म्हणजे झोपलेला जीव. पाणी लागले की ते फुगते, साल मऊ होऊन फाटते आणि आतला अंकुर जागा होतो. जागा झालेला अंकुर बियात साठवलेले अन्न वापरू लागतो आणि त्यासाठी त्याला हवा लागते. आपल्याला दिसत नाही, पण मातीच्या कणांमध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत हवा असते. ओल्या मातीत कणांभोवती पाण्याचा पातळ थर असतो आणि मधल्या पोकळीत हवा, म्हणजे दोन्ही मिळते. माती पाण्याने गच्च भरली की सर्व पोकळ्यांत पाणी शिरते, हवा बाहेर जाते आणि अंकुराचा श्वास कोंडतो.

शिवाय गच्च ओल्या, थंड मातीत बुरशी जोर धरते. ती आधी कोंडलेले बी कुजवते. बी त्यातून वाचून वर आलेच, तर कोवळ्या रोपाच्या बुंध्याशी धरते. बुंधा दोऱ्यासारखा बारीक होतो, तपकिरी पडतो आणि रोप आडवे होते. शेतकरी याला रोपे कोलमडणे म्हणतात. एकदा कोलमडलेले रोप परत उभे राहत नाही.

इथे कोकणात वाढलेले वाचक विचारतील, "मग भाताचे काय? ते तर चिखलात पेरतात." बरोबर आहे. भात हे या बाबतीत वेगळेच धान्य आहे. थोडी हवा मिळाली तरी ते पाण्याखाली अंकुरते. पण भाताची ही ताकद मेथीत, धण्यात, मिरचीत किंवा टोमॅटोत नाही. लहानपणी पाहिलेल्या भातखाचराचा न्याय मिर्पेसेतवरच्या कुंडीला लावू नये.

आपण जास्त पाणी का घालतो

पहिले कारण म्हणजे माया. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करकरून वाढतात. नको म्हटले तरी ताटात आणखी एक पुरी पडते. पाहुणा हात आडवा करू शकतो, बी करू शकत नाही.

दुसरे कारण म्हणजे हवा. अलिबागेकडे वर्षाला सुमारे २००० मिलीमीटर पाऊस पडतो, बेअर शेवाला सुमारे २००. इतक्या कोरड्या देशात झाडे जगवायची तर भरपूर पाणी घालावे, असे मनात बसते. मोठ्या झाडांच्या बाबतीत त्यात काही तथ्य आहे. पण पेरलेले बी मातीच्या वरच्या एक-दोन सेंटीमीटरांत असते. त्याला खालपर्यंत पाणी नको, फक्त तेवढा वरचा थर सुकू द्यायचा नाही.

तिसरे कारण म्हणजे अधीरपणा. मेथी चार-पाच दिवसांत वर येते, पण कोथिंबिरीला आठ ते पंधरा दिवस लागतात. आठव्या दिवशी काही दिसले नाही की आपण पाणी वाढवतो आणि नेमके तेव्हा, उगवायच्या बेतात असलेले बी कुजते.

चौथे कारण सांगायला अवघड, पण आमच्या वयात खरे आहे : सकाळी पाणी घातले होते की नाही, हे दुपारी आठवत नाही. शंका नको म्हणून पुन्हा घातले जाते. याचा उपाय पुढे दिला आहे.

पेरण्याआधीची तयारी

अर्धे काम पेरण्याआधीच होते.

कुंडीला किंवा अदानितला खाली भोके असलीच पाहिजेत. नसतील तर नातवाकडून पाडून घ्यावीत. भोकांवर फुटक्या कौलाचा किंवा बशीचा तुकडा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी अडत नाही.

इमारतीच्या खालची माती उचलून कुंडीत भरू नये. नेगेवमधली पिवळसर बारीक माती जास्त पाण्याने दबते आणि सुकली की तिच्यावर पापडासारखी कडक साय धरते. त्या सायीखाली बी उगवते, पण वर येऊ शकत नाही. मश्तेलात मिळणारी तयार कुंडीची माती घ्यावी. तिच्यात नारळाच्या काथ्याचा भुसा असेल तर उत्तम, कारण तो ओल धरतो आणि हवाही ठेवतो.

ही माती पिशवीतून अगदी कोरडी निघाली तर पाणी वरून घरंगळून जाते आणि आत भुकटी तशीच राहते. म्हणून पेरण्याच्या आदल्या दिवशी माती एका टबात घ्यावी, थोडे थोडे पाणी शिंपडून हाताने कालवावी आणि रात्रभर झाकून ठेवावी.

ओल बरोबर आहे का, हे लाडवाने पाहावे. मूठभर माती घेऊन लाडू वळल्यासारखी दाबावी. बोटांमधून पाणी गळले तर ओल जास्त आहे. लाडू वळलाच नाही, भुगा झाला, तर कमी आहे. लाडू वळला आणि बोटाने टोचताच फुटला, तर माती पेरायला तयार आहे.

पेरणीच्या दिवशी

मेथी रात्रभर भिजवावी, सकाळी निथळून पेरावी. धणे आधी चपलेच्या तळाने किंवा लाटण्याने हलकेच रगडून दोन भाग करावेत. एका धण्यात दोन बिया असतात. मग तेही रात्रभर भिजवावेत. भेंडीचे बी कडक असते, तेही रात्रभर भिजवावे. त्याहून जास्त वेळ कोणतेच बी पाण्यात ठेवू नये. मिरची व टोमॅटोचे बी न भिजवता पेरले तरी चालते.

बी किती खोल पुरावे? त्याच्या जाडीच्या दोन-तीनपट, एवढेच. मेथी व धणे एक सेंटीमीटर, भेंडी दोन, मिरची जेमतेम अर्धा. खोल पुरलेले बी थंड, ओल्या थरात पडते आणि वर यायला उशीर लागतो.

माती आधीच ओली असल्यामुळे पेरल्यावर जास्त पाणी लागत नाही. साधारण ६० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद अदानितला एक पेला, म्हणजे २०० मिलीलिटर पाणी शिंपडले की पुरे. नळाची रबरी नळी किंवा तांब्या कधीही वापरू नये. धार पडली की खड्डा होतो, बिया वाहून एका कोपऱ्यात गोळा होतात. फवाऱ्याची बाटली घ्यावी. ती नसेल तर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यावी आणि तिच्या झाकणाला तापवलेल्या सुईने दहा-बारा भोके पाडावीत. ही झारी सर्वांत सोयीची, कारण ती भरली तरी अर्ध्या किलोहून थोडीच जड होते. पाच लिटरची झारी म्हणजे पाच किलोंचे ओझे. ती आमच्या मनगटांना नको आणि बियांनाही नको.

आणखी एक चांगली रीत म्हणजे खालून पाणी पाजणे. लहान कुंडी परातीत ठेवावी, परातीत दोन बोटे पाणी घालावे. पंधरा-वीस मिनिटांत भोकांतून पाणी वर चढते. वरची माती काळसर दिसू लागली की कुंडी काढून निथळू द्यावी. बी जागचे हलत नाही आणि वर साय धरत नाही. मात्र कुंडी परातीत विसरू नये. विसरली तर तो पूरच झाला.

शेवटी झाकण. कोकणात वाफ्यावर पेंढा पसरतात ते याचसाठी. इथे ओले गोणपाट, ओले वर्तमानपत्र किंवा पावाची प्लास्टिकची पिशवी सैलसर पांघरावी आणि कुंडी सावलीत ठेवावी. झाकलेल्या कुंडीला दोन-तीन दिवस पाणी लागतच नाही. प्लास्टिक झाकून कुंडी उन्हात मात्र ठेवू नये, आत भट्टी होते. पहिला हिरवा ठिपका दिसला की त्याच दिवशी झाकण काढावे.

रोजचे पाणी : आधी बोट, मग बाटली

रोज पाणी घालू नये. रोज पाहावे. हा फरक महत्त्वाचा आहे.

सकाळी झाकण उचलावे. मातीचा रंग गडद असेल तर ती ओली आहे, फिकट असेल तर वरून सुकली आहे. फिकट दिसली तर बोटाचे टोक, नखाएवढेच, कडेला मातीत खुपसावे. बोटाला ओलसर कण चिकटले तर आज पाणी नको. बोट कोरडे निघाले तर फवारा मारावा. ज्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही त्यांनी कुंडी किंचित उचलून पाहावी. ओली कुंडी जड लागते, सुकी हलकी. चार दिवसांत हाताला सवय होते.

पाणी शक्यतो सकाळी द्यावे. रात्री दिलेले पाणी थंडीत तसेच बसून राहते आणि बुरशीला ती रात्र पुरते.

मज़गानच्या नळीतून ठिबकणारे पाणी बादलीत साठवले असेल तर ते झाडांना चालते. त्यात क्षार जवळजवळ नसतात. मात्र ते पिऊ नये.

हवामान पाहून

हिवाळ्यात, विशेषतः तेवेत आणि श्वात महिन्यांत, माती सुकायला वेळ लागतो. तीन-चार दिवसांतून एकदा पाणी पुरते. कुंडी उघड्यावर असेल आणि मुसळधार पावसाचा अंदाज असेल, तर ती आदल्या दिवशीच छताखाली घ्यावी. जड कुंडी स्वतः न उचलता कुणाला तरी सांगावी. पाऊस पडून गेल्यावर बोट लावून पाहिल्याशिवाय पाणी देऊ नये.

निस्सान आणि इय्यार महिन्यांत, भेंडी पेरायच्या दिवसांत, शरव येतो. वाळवंटाकडून सुटलेला तो गरम, कोरडा वारा सकाळी ओली केलेली माती दुपारपर्यंत सुकवतो. अशा दिवशी घाबरून बादली ओतू नये. कुंडी भिंतीच्या सावलीत सरकवावी, गोणपाट झाकावे आणि सकाळ-संध्याकाळ दोन वेळा हलका फवारा मारावा. वाऱ्याने माती वरवर सुकते, म्हणून ओलही वरवरचीच द्यायची.

शब्बाथचा प्रश्न

शब्बाथला झाडांना पाणी घालता येत नाही, हे आपण सर्व जाणतो. म्हणून शुक्रवारी दुपारी मेणबत्त्या लावण्याआधी पुष्कळ जण कुंडीत दुप्पट पाणी ओततात, की उद्यापर्यंत पुरावे. नव्या पेरणीचे सर्वांत जास्त नुकसान याच दुपट्टीने होते.

थोडा हिशेब करू. शब्बाथ सुमारे २५ तासांचा. शुक्रवारी दुपारी नेहमीएवढे पाणी दिले, कुंडी सावलीत ठेवली आणि झाकली, तर शनिवारी रात्री हवदालापर्यंत ओल सहज टिकते. म्हणजे दुप्पट पाण्याची गरजच नाही, गरज आहे झाकणाची. मात्र कुंडी सावलीत हलवण्याचे काम शुक्रवारीच करावे, कारण शब्बाथला ती हलवायची नसते.

सण आणि शब्बाथ लागून आले आणि दोन-तीन दिवस पाणी देता येणार नसेल, तर कुंडी घरात, उन्हापासून दूर, झाकून ठेवावी. ज्यांच्याकडे ठिबकची नळी व घड्याळाचा नळ आहे त्यांनी तो सणाआधीच लावून ठेवावा.

ठिबकची शिकवण

ठिबकचे नाव निघाले म्हणून सांगतो. सिम्हा ब्लास या पाण्याच्या इंजिनियरांची गोष्ट या देशात नेहमी सांगतात. एका ओळीतली बाकीची झाडे खुरटी होती आणि एकच झाड कुणी वेगळे पाणी न घालता उंच वाढले होते, हे त्यांच्या नजरेस आले. शोध घेतला तर जमिनीखालच्या पाइपातून तिथे थेंब थेंब पाणी गळत होते. पुढे त्यांनी हा थेंब नळीत बसवला आणि १९६५ साली बेअर शेवाजवळच्या हत्झेरीम किबुत्झबरोबर नेताफिम कंपनी उभी राहिली. आज महाराष्ट्रात जळगावच्या केळीच्या बागाही ठिबकवर उभ्या आहेत. पाणी मोजून आणि हळूहळू दिले तर ते जास्त कामाला येते, हे आपल्या दोन्ही देशांच्या शेतांनी मान्य केले आहे. कुंडीलाही तेच लागू आहे.

रोपे वर आल्यावर

झाकण काढले की रोपांना उजेड आणि वारा हवा. आता मुळे खाली जाऊ लागतात, म्हणून पाण्याची रीत बदलते. फवारा कमी करावा. दोन खरी पाने फुटली की मातीचा वरचा थर किंचित सुकू द्यावा आणि मग पाणी द्यावे, पण दिले की पुरेसे, खालच्या भोकापर्यंत पोचेल असे. चार पाने झाली की बोट पहिल्या पेरापर्यंत घालून पाहावे. तिथे कोरडे लागले तरच पाणी. वर सतत ओल राहिली तर मुळे आळशी होतात, वरच्या वर पसरतात आणि पहिल्याच शरवात रोप मान टाकते.

मेथी साधारण चार आठवड्यांत खुडायला येते. कोथिंबिरीला सहा आठवडे धरावेत.

जास्त झाले, हे कसे ओळखावे

मातीवर हिरवट शेवाळ धरले, पांढरी बुरशी आली, आंबूस वास सुटला किंवा बारीक काळी चिलटे उडू लागली, तर पाणी जास्त होते आहे. माती कुंडीच्या कडेपासून सुटली, रंग फिकट झाला आणि कुंडी हलकी लागली, तर कमी पडते आहे.

एका गोष्टीने मात्र पुष्कळ जण फसतात. रोप दोन्ही कारणांनी मान टाकते. कोरड्या मातीतले रोप पाणी दिल्यावर तासाभरात सावरते. ओल्या मातीतले रोप मान टाकत असेल तर त्याची मुळे गुदमरलेली आहेत, त्याला आणखी पाणी देणे म्हणजे बुडत्याला लोटणे. म्हणून मान टाकलेले रोप दिसले की हात आधी मातीला लावावा, झारीला नाही.

पाणी जास्त झालेच तर कुंडी तिरपी करून निथळू द्यावी, खाली जाड वर्तमानपत्र घालावे, वाऱ्यात ठेवावी आणि माती फिकट होईपर्यंत काही देऊ नये. बी जिवंत आहे का हे पाहायचे तर एक बी उकरून दोन बोटांत दाबावे. टणक असेल तर धीर धरावा. मऊ होऊन पिचकले तर माती बदलून पुन्हा पेरावे. हेश्वानपासून अदारपर्यंत मेथी-कोथिंबिरीला पुष्कळ वेळ असतो. दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी पेरली तर एक वाफा गेला तरी घर रिकामे राहत नाही.

बियांपेक्षा आपण मोलाचे

जास्त पाण्याने नुकसान फक्त बियांचे होत नाही. कुंडीतून वाहिलेले पाणी मिर्पेसेतच्या फरशीवर साचते. गुळगुळीत ओल्या फरशीवर सपाता घसरतात आणि आपल्या वयात एक पडणे म्हणजे खुब्याचे हाड, इस्पितळ आणि कितीतरी महिने. मेथीची एक जुडी एवढ्या मोलाची नाही. कुंडीखाली बशी ठेवावी, सांडलेले लगेच पुसावे किंवा पुसून घ्यावे, पायात रबरी तळाची चप्पल असावी आणि कुंडी कमरेच्या उंचीवर ठेवावी, म्हणजे वाकावे लागत नाही.

बशीत साठलेले पाणी त्याच दिवशी ओतून टाकावे. उन्हाळ्यात साठल्या पाण्यात डासांची अंडी आठवड्याभरात उडते डास होतात. पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळले तर शेजाऱ्यांशी बोलाचाली होते, तीही टळते.

आणि विसरण्यावर उपाय. कुपत होलीमच्या गोळ्यांचा जसा आठवड्याचा डबा असतो, तशी पाण्याची खूण ठेवावी. स्वयंपाकघरातल्या लुआखवर, पाणी दिल्यावर त्या तारखेवर पेन्सिलीने टिंब करावे. टिंब असेल तर बाटलीला हात लावायचा नाही. घरात मदतीला बाई असेल, मुले-सुना येत-जात असतील, तर पाणी कोण देणार हे ठरवून टाकावे. प्रत्येकाने प्रेमाने एकेक पेला घातला की चार पेले होतात. नातवंडांना हौस असेल तर त्यांना मोजून एक पेला हातात द्यावा आणि बोट लावून पाहायला शिकवावे. मेथी कशी उगवते हे आजी-आजोबांकडून शिकलेले मूल ती खायलाही शिकते. आपल्या घरातली चव पुढच्या पिढीत जायची तर तिला असाच रस्ता आहे.

मापाचा पाऊस

या देशात सात हेश्वानपासून आपण रोजच्या तेफिलात पाऊस मागतो. पण ताअनित मसेखेतमध्ये होनी हमेअगेलची गोष्ट आहे, ती पुष्कळांना माहीत असेल. दुष्काळात तो जमिनीवर वर्तुळ काढून त्यात उभा राहिला आणि पाऊस मागू लागला. आधी नुसते थेंब पडले. त्याने म्हटले, हा नको. मग धो धो कोसळला. त्याने म्हटले, हाही नको. शेवटी त्याने कृपेचा, आशीर्वादाचा पाऊस मागितला आणि तेव्हा तो मापात पडू लागला. पण तो थांबेना, तेव्हा लोकांना यरुशलायीममध्ये उंच मंदिराच्या टेकडीवर चढावे लागले. पाणी हा आशीर्वाद आहे, पण मापात असेपर्यंतच. अति तेथे माती, असे आपली मराठी म्हणते ते उगीच नाही.

तेव्हा वाचकहो, या हेश्वानात मेथी पेरा, धणे पेरा, झाका आणि थोडा धीर धरा. आधी बोट लावा, मग बाटली उचला. आणि ज्यांची मेथी चांगली येईल त्यांनी शेजारच्या एकट्या राहणाऱ्या वृद्धाला एक मूठ जरूर द्यावी.

 सर्वांना हिरव्यागार कुंड्या आणि उत्तम आरोग्य लाभो.